धागा: अमेरिकेत खेळाच्या स्कॉलरशिपवर शिकताना क्रेडिट, सराव आणि प्रवास यांचं गणित

सर्व्हिस_लाइन

अमेरिकेत टेनिस, पोहणं, गोल्फ, ॲथलेटिक्स यांच्या स्कॉलरशिपवर जाणाऱ्या मुलांबद्दल इथे बरेच प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न स्कॉलरशिप कशी मिळते याचे असतात, ती टिकते कशी हे फार कमी जण विचारतात. म्हणून हा धागा त्यावर. मी एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) डिव्हिजन १, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीबद्दल लिहितोय. डिव्हिजन २ चे नियम थोडे वेगळे आहेत. डिव्हिजन ३ मध्ये आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांचा गट) खेळाची स्कॉलरशिप नसतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यास आणि खेळाचा मेळ सेमिस्टर सुरू झाल्यावर घालता येत नाही. तो विषय निवडतानाच, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात बसतो किंवा बिघडतो. मिडटर्मच्या तोंडावर धावाधाव करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आधी तासांचा हिशोब. एका क्रेडिटला आठवड्याला साधारण एक तास वर्ग आणि दोन तास बाहेरचा अभ्यास धरतात. १५ क्रेडिट घेतली की झाले ४५ तास. हंगामात सरावावर आठवड्याला २० तासांची आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा आहे, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगाम नसताना ८ तास. कागदावर ४५ अधिक २० म्हणजे ६५, जमण्यासारखं वाटतं.

पण त्या २० तासांत काय मोजत नाहीत ते बघा. प्रवास मोजत नाहीत. फिजिओकडचा वेळ, संघाचं जेवण, सक्तीचा स्टडी हॉल (देखरेखीखाली अभ्यासाला बसायचे तास), यातलं काहीच नाही. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात.

टेनिसचा एक बाहेरगावचा शनिवार-रविवार घ्या. गुरुवारी दुपारी १ ला बस सुटते, संध्याकाळी दीड तास सराव. शुक्रवारी सामना, शनिवारी दोन तास सराव, रविवारी दुसरा सामना, रात्री ११ ला परत. नोंदवहीत लिहिले जातात साडेनऊ तास. प्रत्यक्षात मुलगा ८२ तास कॅम्पसबाहेर असतो. झोपेचे २४ काढले तरी ५८ उरतात, आणि त्यातून टेबलाशी बसून होणारा खरा अभ्यास सहा तासांच्या वर गेला तर भाग्य. हा आठवडा हंगामात पाच-सहा वेळा येतो.

आता वार. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या विषयाचे १५ आठवड्यांत ४५ वर्ग होतात, मंगळवार-गुरुवारच्या विषयाचे ३०. सात वेळा गुरुवारी सकाळीच निघावं लागलं, तर मंगळवार-गुरुवारच्या विषयाचे ३० पैकी ७ वर्ग बुडतात, जवळजवळ पाव हिस्सा. त्याच सात शुक्रवारी दुसऱ्या विषयाचे ४५ पैकी ७ बुडतात. शिवाय मंगळवार-गुरुवारचा प्रत्येक वर्ग सव्वा तासाचा, म्हणजे एका गैरहजेरीत जास्त अभ्यासक्रम हातचा जातो. म्हणून आधी कोचकडून सामन्यांचं वेळापत्रक घ्या, निघण्याचा वार आणि वेळ प्रत्येक सामन्यापुढे लिहा, आणि मगच विषयांची यादी उघडा. खेळाडूंना बहुतेक ठिकाणी इतरांच्या आधी रजिस्ट्रेशन मिळतं. ती सवलत असते याच कामासाठी. उशिरा उठता यावं म्हणून ती वाया घालवू नका.

शंकेखोर

धागा चांगला आहे. एक सरळ प्रश्न. हंगामात १२ क्रेडिटच घ्यायची आणि निवांत राहायचं, यात चूक काय? पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून १२ पुरतात ना?

हिशोबी

पुरतात, आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. खेळायला पात्र राहण्याचे एनसीएएचे नियम ओळीने बघा, मग लक्षात येईल.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला २४ क्रेडिट झालेली हवीत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीची ४० टक्के क्रेडिट पूर्ण, चौथ्याला ६० टक्के, पाचव्याला ८०. शिवाय प्रत्येक पूर्ण सेमिस्टरमध्ये किमान ६ क्रेडिट पास, आणि फॉल-स्प्रिंग (शरद आणि वसंत सेमिस्टर) मिळून वर्षाला किमान १८.

आता पदवी १२० क्रेडिटची धरा आणि दर सेमिस्टरला १२ घ्या. पहिल्या वर्षाअखेर २४, बरोबर रेषेवर. दुसऱ्या अखेर ४८, म्हणजे बरोबर ४० टक्के. तिसऱ्या अखेर ७२, बरोबर ६०. चौथ्या अखेर ९६, बरोबर ८०. चारही वेळा काठावर. कुठेही ३ क्रेडिटचा एक विषय नापास झाला किंवा सोडला, की त्या वर्षी खेळायची पात्रता गेली. आणि सगळं सुरळीत झालं तरी चार वर्षांत पदवी नाही, २४ क्रेडिट बाकीच.

उन्हाळ्यात भरून काढता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे. २४ पैकी १८ फॉल-स्प्रिंगमध्येच झालेली हवीत, उन्हाळा फक्त उरलेल्या ६ ची सोय करतो. पहिल्या वर्षी १२ अधिक १२ घेऊन दोन विषय गेले तर १८ उरतात, उन्हाळ्यात ६ करून वाचता येतं. तीन गेले तर १५ उरतात आणि उन्हाळ्यात कितीही विषय घेतले तरी फॉल-स्प्रिंगच्या त्या १८ च्या रेषेपर्यंत पोचता येत नाही.

दुसरा धोका त्याहून तातडीचा. १२ घेतलीत आणि एक विषय सोडलात तर ९ उरतात. १२ च्या खाली गेलात की त्याच क्षणी सामना बंद, सरावही बंद. पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरला तेवढा अपवाद आहे. १५ घेतलेल्याला एक विषय सोडायची मुभा राहते. १२ वाल्याला नाही.

सर्व्हिस_लाइन

+१. आणि एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) हे दुहेरी आहे. १२ च्या खाली जायचं असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) परवानगी आधी लागते. सोडून झाल्यावर सांगायला गेलात तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात. परवानगी ठरावीक कारणांसाठीच मिळते: आजारपण, किंवा सुरुवातीला भाषेची वा शिकवण्याच्या पद्धतीची अडचण, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात टाकलं जाणं. आणि ती मिळाली म्हणून एनसीएएची पात्रता आपोआप टिकत नाही. दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळे नियम. विषय सोडण्याआधी दोन्हीकडे ईमेल टाका आणि दोन्हीकडून लेखी उत्तर येईपर्यंत सोडायचं बटण दाबू नका.

ऑनलाइन विषयांचंही तसंच. एफ-१ वर पूर्णवेळ धरण्यासाठी एका सेमिस्टरला ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट मोजतात. १२ घेतलीत तर त्यातली ९ वर्गातली हवीत. १५ घेतलीत तर दोन ऑनलाइन चालतात, कारण वर्गातली ९ आणि ऑनलाइनची ३ मिळून १२ होतातच. अमेरिकन सहकारी हंगामात तीन-तीन ऑनलाइन विषय घेतात, त्यांचं बघून आपण घ्यायचे नाहीत.

शंकेखोर

बापरे. मग वर्षाची वाटणी कशी करायची?

हिशोबी

खेळाप्रमाणे. टेनिसच्या संघ-लढती जानेवारी ते मे, म्हणून फॉलमध्ये १५ ते १६, स्प्रिंगमध्ये १२ ते १३, उन्हाळ्यात ३. म्हणजे वर्षाला ३० च्या आसपास. पोहण्याच्या कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाच्या) स्पर्धा फेब्रुवारीत, राष्ट्रीय मार्चमध्ये, तेव्हा एप्रिल बऱ्यापैकी मोकळा मिळतो. दुसऱ्या अर्ध्या सेमिस्टरमध्ये सुरू होणारे आठ आठवड्यांचे छोटे विषय काही विद्यापीठांत असतात, जलतरणपटूंनी ते जरूर शोधावेत.

सगळ्यात कठीण लांब पल्ल्याच्या धावपटूंचं. शरदात क्रॉस-कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात आउटडोअर. मोकळा हंगाम नाहीच. त्यांनी दोन्ही सेमिस्टर १३-१४ वर ठेवून उन्हाळ्यात ६ धरावीत आणि त्या उन्हाळ्याच्या फीचं आधीच विचारून ठेवावं, कारण उन्हाळ्याची मदत बहुधा वेगळी मागावी लागते.

उन्हाळ्यात भारतात येऊन दुसऱ्या संस्थेचा विषय करायचा असेल तर आधी आपल्या विभागाकडून लेखी मंजुरी घ्या. क्रेडिट ट्रान्सफर झालं तरी ते पदवीत कुठल्या रकान्यात बसतं हे महत्त्वाचं. 'मोकळा ऐच्छिक' म्हणून बसलं आणि तो रकाना आधीच भरलेला असेल, तर उपयोग शून्य.

प्रयोगवही

रकान्याचा मुद्दा निघालाच आहे तर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याबद्दल लिहिते, कारण चांगले मार्क असलेली मुलंसुद्धा इथे अडकतात.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत पदवीचा विषय जाहीर करावा लागतो. त्यानंतर त्या पदवीत मोजली जाणारी क्रेडिटच टक्केवारीत धरतात. समजा दोन वर्षांत ५४ क्रेडिट झाली. आरामात ४८ च्या वर. पण सुरुवात इंजिनिअरिंगने केली आणि आता अर्थशास्त्राकडे वळायचंय. वर्कशॉपचे आणि ड्रॉइंगचे विषय नव्या पदवीत बसत नाहीत, उरतात ४२. चाळीस टक्के भरत नाहीत. विषय सगळे पास आहेत, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) चांगला आहे, तरी मुलगा बाकावर.

उपाय: बदल ठरवण्याआधी ॲडव्हायझरकडून दोन पदव्यांचं 'डिग्री ऑडिट' (पदवीसाठी काय झालं, काय बाकी याचा तक्ता) शेजारी शेजारी काढून घ्या. सिस्टिममध्ये 'समजा मी अमुक मेजर घेतला तर' असं चालवून बघता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. आणि शक्यतो बदल दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगआधी करा, म्हणजे उन्हाळा हाताशी राहतो.

टक्केवारी त्या त्या पदवीच्या एकूण क्रेडिटवर काढतात, हेही विसरू नका. इंजिनिअरिंगची पदवी १२८ ची असेल तर ४० टक्के म्हणजे ५१.२, म्हणजे प्रत्यक्षात ५२. सरसकट ४८ धरून बसू नये.

'डी' ग्रेडही अशीच फसवते. विद्यापीठ म्हणतं पास, पण मेजरच्या विषयात विभागाला किमान 'सी' लागतो, म्हणून ते क्रेडिट पदवीत धरत नाहीत. पुन्हा तोच विषय घेतला तर क्रेडिट एकदाच मिळतं. सहा क्रेडिटचे वर्ग केले, मिळाली तीन.

चौथी_लेन

जीपीएचे एनसीएएचे किमान आकडे: पदवीला लागणाऱ्या किमान जीपीएच्या ९० टक्के दुसऱ्या वर्षी, ९५ तिसऱ्या, पुढे १००. किमान २.० असेल तर १.८, १.९, २.०. हा तळ आहे. इंजिनिअरिंग किंवा बिझनेसच्या वरच्या वर्षांना विभागाची स्वतःची अट बहुधा याच्या बरीच वर असते. तळाकडे बघून नियोजन करू नये.

मधली_सुट्टी

इंजिनिअरिंग किंवा बायोलॉजी करत खेळता येतं का, हे कुणी स्पष्ट सांगेल का? कोच सांगतात 'हो हो, आमच्याकडे करतात'.

प्रयोगवही

करता येतं. पण कोचला 'करतात का' असं विचारू नका. विचारा: सध्याच्या संघात या मेजरचे किती जण आहेत, आणि ते कितव्या वर्षाला आहेत? पहिल्या वर्षात चार आणि तिसऱ्या-चौथ्यात एकही नाही, असं उत्तर आलं तर काय ते समजा.

अडचण अवघडपणाची नसते, दुपारच्या लॅबची असते. सराव साधारण दोन ते सहा, लॅब एक ते चार किंवा दोन ते पाच. दोन लॅब बुडाल्या की अख्खा विषय नापास, असा नियम कित्येक ठिकाणी असतो, आणि लॅबची भरपाई घरी बसून होत नाही. त्यामुळे:

लॅबचे जड विषय हंगाम नसलेल्या सेमिस्टरमध्ये टाका. हंगामात घ्यावीच लागली तर सोमवार किंवा मंगळवारची संध्याकाळची तुकडी पकडा. सकाळची मिळाली तर उत्तम.

कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, ही साखळी कागदावर काढा. पुढचे कोणते विषय फक्त फॉलमध्ये शिकवतात ते कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं, त्यांना लाल खूण करा. फक्त फॉलमध्ये येणारा विषय सामन्यांमुळे सुटला तर पूर्ण वर्ष मागे पडतं, आणि त्यावर अवलंबून असलेले तीन विषयही.

पहिल्याच सेमिस्टरमध्ये केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र घेऊ नका. आपल्याकडच्या बारावीच्या जोरावर घ्यावंसं वाटतं, आणि विषय येतही असतात. पण दर आठवड्याला क्विझ, दर आठवड्याला गृहपाठ, त्यातही गुण, ही पद्धत अंगवळणी पडायला एक सेमिस्टर लागतं. शेवटच्या महिन्यात झोकून देऊन अभ्यास करायची सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण तोवर निम्मे गुण ठरून गेलेले असतात.

सर्व्हिस_लाइन

आता प्रवासाच्या आठवड्याचं काम सांगतो, कारण रोजचा त्रास तिथे आहे.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाला प्रवासाचं पत्र द्यायचं. ते खेळ विभागाच्या शैक्षणिक कार्यालयातून मिळतं, त्यावर सगळ्या तारखा असतात. नुसतं ईमेलने पाठवू नका, ऑफिसच्या वेळेत जाऊन हातात द्या आणि सिलॅबस उघडून विचारा: 'या चार तारखांपैकी या दोन दिवशी क्विझ आहे, मी ती आधी देऊ का?' शब्द महत्त्वाचा आहे, आधी. परत आल्यावर देतो म्हटलं तर बुडालेला आठवडा आणि चालू आठवडा एकमेकांवर चढतात, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बस असते.

परीक्षा प्रवासातच द्यायची असेल तर किमान दोन आठवडे आधी ठरवा: पर्यवेक्षक कोण, वेळ कोणती, पेपर कुणाच्या ईमेलवर येणार. असिस्टंट कोच पर्यवेक्षक म्हणून काही विद्यापीठांना चालत नाही, हे आधी विचारून घ्या. ब्राउझर बंद करून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा असेल तर हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री चाचणी घ्या.

प्राध्यापक अजिबातच ऐकत नसतील तर कोचला मध्ये घालू नका, त्याने चिघळतं. प्रत्येक विद्यापीठात खेळाडूंसाठी नेमलेले एक प्राध्यापक-प्रतिनिधी असतात, फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह. प्राध्यापकांशी प्राध्यापकानेच बोललेलं बरं.

वेळेचा घोळही लक्षात ठेवा. गृहपाठाची मुदत रात्री ११:५९ असते ती बहुधा कॅम्पसच्या घड्याळाने. पूर्व किनाऱ्यावरचा संघ कॅलिफोर्नियात खेळायला गेला की ती तिथल्या घड्याळात ८:५९ होते, म्हणजे नेमकी संघाच्या जेवणाची वेळ. फोनमध्ये कॅम्पसचं दुसरं घड्याळ लावून ठेवा.

चौथी_लेन

बसमध्ये काय करायचं याबद्दल थोडं. बसमध्ये गणितं सुटत नाहीत आणि बारीक अक्षर वाचून मळमळतं. तिथे करायच्या गोष्टी वेगळ्या: रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकणं, फ्लॅशकार्ड, निबंधाचा आराखडा. गणितं हॉटेलच्या टेबलावर, सकाळी संघ उठण्याआधी दोन तास. पीडीएफ आणि लेक्चर निघण्याआधी डाउनलोड केलेली हवीत, बसच्या वायफायवर पंचवीस जण असतात. लॅब रिपोर्टचे आकडे निघण्याआधी शीटमध्ये भरून ठेवा, ग्राफ बसमध्ये होतो.

झोपेचंही नियोजनच करावं लागतं. प्रौढांना किमान ७ तास लागतात, खेळाडूंना त्याहून जास्त. २०११ साली स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल खेळाडूंवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काही आठवडे रोज १० तास अंथरुणात राहायचं ध्येय ठेवल्यावर त्यांची फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. अकराच खेळाडू होते, त्यामुळे आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. पण वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेतच, तेव्हा झोप कापून केलेला अभ्यास दोन्हीकडून तोट्याचा. सकाळी ६ ला जिम असेल तर रात्री दहाला दिवा बंद. त्या दिवशी रात्री ८ ते १० चा अभ्यास फक्त उजळणीचा ठेवा, नवा विषय दुपारच्या मोकळ्या तासात.

रात्री ९ ते सकाळी ६ यांच्यात सलग आठ तास खेळाचं सक्तीचं काही ठेवता येत नाही, सामन्यांचा अपवाद सोडून. हा नियम आहे, मुलांना माहीत नसतो.

मधली_सुट्टी

आणि 'ऐच्छिक' सराव? तो नावालाच ऐच्छिक असतो असं ऐकलंय.

हिशोबी

नियमाने ऐच्छिक ठरायला चार गोष्टी लागतात: खेळाडूने स्वतः मागितलेला हवा, हजेरी घेतलेली नको, कोण आलं हे कोचला कळवलेलं नको, आणि न आल्याबद्दल शिक्षा किंवा आल्याबद्दल बक्षीस नको. यातलं एक जरी मोडलं तरी ते तास २० मध्ये धरले पाहिजेत. तासांची नोंद खेळाडूकडून तपासून सहीसाठी येते. न वाचता सही करू नका. तीच नोंद पुढे पुरावा असते, आणि चुकीच्या नोंदीवर केलेली सही मागे घेता येत नाही.

शंकेखोर

दुखापत झाली किंवा कामगिरी घसरली तर स्कॉलरशिप जाते का? ही भीती डोक्यावर ठेवून अभ्यास कसा व्हायचा?

सर्व्हिस_लाइन

ठरलेल्या मुदतीत दुखापतीमुळे किंवा कामगिरीमुळे ती कमी करता येत नाही. पात्रता गमावली, स्वतःहून संघ सोडला, गंभीर गैरवर्तन झालं किंवा माहिती खोटी दिली, तर करता येते. करार एका वर्षाचा असेल तर प्रश्न नूतनीकरणाचा. त्याचं लेखी उत्तर १ जुलैपर्यंत यायला हवं आणि नकार आला तर सुनावणी मागता येते. म्हणून सही करताना पहिला प्रश्न: मुदत एक वर्ष की चार?

२०२५-२६ पासून ज्या विद्यापीठांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' खटल्यातली न्यायालयीन तडजोड स्वीकारली आहे, तिथे स्कॉलरशिपच्या संख्येऐवजी संघातल्या जागांवर मर्यादा आली. पुरुषांच्या टेनिसला पूर्वी संघाला ४.५ स्कॉलरशिप होत्या आणि त्या वाटून द्यायचे. आता जागा मोजक्या, त्यामुळे 'संघात आहेस' आणि 'पैसे मिळतील' या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (अमुक विद्यापीठातच येईन असं खेळाडूचं बांधील पत्र) २०२४ मध्येच बंद झालं, आता विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा करार हाच कागद.

डोक्याला मार लागला असेल, कन्कशन, तर क्रम पाळा: आधी वर्गात परतायचं, मग मैदानात. डॉक्टरांच्या पत्राने परीक्षा पुढे ढकलता येते. पण पत्र त्याच आठवड्यात द्या. महिन्याने दिलेलं पत्र कुणी मनावर घेत नाही.

प्रयोगवही

दोन सुट्या गोष्टी. ट्यूटर मोफत मिळतो, वापरा. पण त्याला कीबोर्डला हात लावू देऊ नका. त्याने दुरुस्त करून दिलेला एक परिच्छेदही गैरप्रकार ठरू शकतो, आणि त्यात पात्रता आणि व्हिसा दोन्ही जातात.

दुसरं, कर. ट्यूशन आणि सक्तीच्या पुस्तकांची स्कॉलरशिप करमुक्त, पण राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो. एफ-१ वाल्यांच्या त्या भागावर साधारण १४ टक्के कापतात. भारतीय विद्यार्थ्यांना कर-करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे कापलेल्यातलं बरंच परत येऊ शकतं, पण फॉर्म १०४०-एनआर (अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांचं कर-विवरणपत्र) भरला तरच. हे काम येतं मार्च-एप्रिलमध्ये, ऐन हंगामात. जानेवारीतच फाइल लावून ठेवा.

मधली_सुट्टी

धन्यवाद. शेवटचं, पुढच्या आठवड्यात स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन आहे. आज काय करायचं?

हिशोबी

आज कोचकडून स्प्रिंगच्या तारखा आणि बस निघण्याच्या वेळा मागवा, कच्च्या असल्या तरी चालतील. उद्या डिग्री ऑडिट काढा आणि पदवीत मोजलेली क्रेडिट वेगळी लिहा, एकूण क्रेडिट नाही. मग हव्या त्या पाच विषयांचे वार तारखांवर ठेवून बुडणारे वर्ग मोजा. ज्या विषयाचे पाचव्या हिश्श्याहून जास्त बुडतात तो फॉलवर ढकला, जर तो फॉलमध्ये शिकवत असतील तर. नोंदणी पाच विषयांचीच करा, आणि ॲड-ड्रॉपची (विषय जोडण्या-सोडण्याची) शेवटची तारीख आत्ताच फोनमध्ये टाका, दोन दिवस आधीच्या गजरासकट.